बिल्डरचे पाच लाख घ्यावेत का?

*सप्रेम नमस्कार. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाच्या संगीत विभागात मी सहायक प्राध्यापक आहे. जानेवारीअखेर विभागाचा तीन दिवसांचा शास्त्रीय संगीत महोत्सव आणि त्याला जोडून दोन दिवसांचं चर्चासत्र घ्यायचं ठरलंय. संयोजक म्हणून माझं नाव पुढे केलं गेलं आणि मला नाही म्हणता आलं नाही. अंदाजपत्रक १४ लाखांचं झालंय. विद्यापीठ २ लाख देणार. बाकीचे कुठून आणायचे, यावर बैठकीत सगळे गप्प. शहरातले एक बांधकाम व्यावसायिक ५ लाख द्यायला तयार आहेत. मात्र महोत्सवाला त्यांच्या फर्मचं नाव हवं आणि शनिवारी रात्री मुख्य कलाकाराच्या आधी त्यांच्या मुलीचं गाणं ठेवायचं. मुलगी विशारद आहे, बरी गाते. विभागप्रमुख म्हणतात, घेऊन टाका, एवढं कोण देतंय. एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, प्रत्येक विद्यार्थ्याकडून ५०० आणि पेपर वाचणाऱ्यांकडून २ हजार घ्या, विषय संपला. वेळ पडली तर मी वैयक्तिक कर्ज काढीन, असं घरी बोलून गेले, तेव्हापासून नवऱ्याने अबोला धरलाय. सात महिने हातात आहेत. काय करू?*

*— एक संयोजिका*

नमस्कार मॅडम,

आधी घरचं मिटवा. कर्ज काढणार नाही असं नवऱ्याला आजच सांगा आणि खरंच काढू नका. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तिकीट लावून जलसे केले, त्या पैशावर शिष्य पोसले. पैसा उभा करण्यात त्यांचा हात धरणारा गवई त्या काळात दुसरा नसेल. तरीही मुंबईच्या इमारतीसाठी काढलेलं कर्ज त्यांना फेडता आलं नाही आणि इमारत लिलावात गेली. तुमच्यावर तर इमारत बांधायची वेळही आलेली नाही. तीन संध्याकाळींसाठी पगार गहाण कशाला ठेवायचा?

कर्जाचाच एक साळसूद भाऊ विद्यापीठात असतो, त्याचं नाव उचल. ‘मॅडम, तुमच्या नावावर अ‍ॅडव्हान्स टाकतो, नंतर बिलं लावा,’ असं कुणीतरी गोड बोलून सांगेल. ती उचल तुमच्या नावावर राहते, बिलं जुळली नाहीत तर पगारातून कापली जाते आणि निवृत्तीच्या वेळी ‘येणे बाकी’ म्हणून पुन्हा डोकं वर काढते. उचल घ्यावीच लागली तर छोटी घ्या, चहापाणी आणि रिक्षाभाड्यापुरती. मोठी बिलं थेट विद्यापीठाच्या खात्यातून त्या-त्या माणसाला जाऊ द्यात.

आता अंदाजपत्रक. तुम्ही जोडलेला कागद मी दोनदा वाचला. कलाकारांचं मानधन साडेसहा लाख, ध्वनी आणि मंच २ लाख, प्रवास-निवास १ लाख ८०, चर्चासत्र १ लाख ७०, छपाई-फलक-स्मृतिचिन्हं १ लाख २०, जेवणखाण ८० हजार. तीन दिवसांत नऊ मैफली. कुणासाठी? आपल्याकडचा श्रोता संध्याकाळी साडेसहाला येतो आणि घड्याळात दहा वाजले की तुम्हाला माइक बंद करावा लागतो. साडेतीन तासांत तीन मैफली बसवल्या की पहिला कलाकार आलाप आवरता घेतो, दुसऱ्याचा विलंबित ख्याल कापला जातो आणि तिसरा भैरवीच गाऊन उठतो. रोज दोन ठेवा. सहा मैफलींचं मानधन ५ लाखांत बसतं. ध्वनी-मंच दीड लाखात होतो, प्रवास १ लाख ६० हजारांत, जेवण ७० हजारांत. स्मृतिचिन्हं काढून टाका. कलाकारांच्या घरी ती माळ्यावर पडतात, सगळ्यांना ठाऊक आहे. छपाई ३० हजारांवर आणा. चर्चासत्राला मात्र कात्री लावू नका, उलट २० हजार वाढवून १ लाख ९० करा, म्हणजे सगळ्या सत्रांचं नीट ध्वनिमुद्रण होईल. बेरीज करा, ११ लाख होतात. एक पैसा न मागता ३ लाख कमी झाले.

आता त्या ५ लाखांबद्दल.

पैसा बिल्डरचा आहे म्हणून तो वाईट, असं मी म्हणणार नाही. आपल्या भागात गाणं जगलं ते पैसेवाल्यांच्याच दारात. अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूरला राहिले ते शाहू महाराजांच्या आश्रयाने. पण खाँसाहेबांच्या आधी कोण गाईल हे ठरवायचा हक्क तुम्ही कुणाला देता, हा प्रश्न वेगळा आहे. तुमच्या गृहस्थांनी दोन गोष्टी मागितल्यात, त्या वेगळ्या करा. फर्मचं नाव ही एक, मुलीचं गाणं ही दुसरी. पहिलीवर सौदा होऊ शकतो, दुसरीवर नाही. मुलगी बरी गाते असं तुम्हीच लिहिता. मग तिच्यावरही हा अन्यायच आहे. शनिवारी रात्री ती कितीही जीव तोडून गायली तरी सभागृहात पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत एकच कुजबुज चालेल की बापाने पैसे भरलेत. आणि तुमच्याच विभागात एम.ए.ला बसलेल्या, तिच्यापेक्षा चार पावलं पुढे असलेल्या पोरी ते ऐकत खुर्च्या लावत असतील.

त्यांना भेटायला विभागप्रमुखांना सोबत घेऊन जा, एकट्या जाऊ नका. असं काहीसं बोला: ‘साहेब, कलाकार निवडायला तीन जणांची समिती आहे, त्यात दोघं बाहेरचे. माझ्या स्वतःच्या शिष्येलाही मी परस्पर बसवू शकत नाही. रविवारी सकाळी तरुण कलाकारांचं सत्र आहे, त्याची चाचणी ऑक्टोबरमध्ये होईल. ताईंनी जरूर यावं, नाव न सांगता ध्वनिमुद्रण पाठवायचं आहे. आणि तुमची मदत आम्हाला हवीच आहे. शनिवारची अख्खी संध्याकाळ तुमच्या सौजन्याने, असं आम्ही पत्रिकेत छापू.’ अर्थात हे म्हणायच्या आधी ती समिती खरोखर नेमा आणि कुलगुरूंच्या सहीचं पत्र फाइलला लावून ठेवा. गृहस्थ रागावून ५ लाखांचे २ लाख करतील किंवा काहीच देणार नाहीत. चालेल. ५ लाख एकाच खिशातून आले की पुढच्या वर्षी तो खिसा बंद झाल्यावर महोत्सवही बंद होतो. असे ‘प्रथम वर्ष’ छापलेले आणि दुसरं वर्ष कधीच न पाहिलेले महोत्सव आपल्या जिल्ह्यात थोडे नाहीत.

मग मागायचं कुणाकडे? इथे तुमची खरी गफलत मला दिसते. महोत्सव आणि चर्चासत्र तुम्ही एकाच अर्जात बांधून दारोदार फिरताय. पतसंस्थेच्या अध्यक्षांना ‘घराणेदार गायकीतील सौंदर्यतत्त्वे’ हा विषय ऐकवला की ते घड्याळ बघतात, आणि दिल्लीतल्या अनुदान समितीपुढे तीन संध्याकाळींचं गाणं ठेवलं की ती विचारते, यात संशोधन कुठे आहे? दोन वेगळे अर्ज करा. गाणं गावाकडे मागा, चर्चा सरकारकडे मागा.

गावाकडचं आधी घेते, कारण पैसा तिथे लवकर हलतो. ११ लाख मागू नका, एक मैफल मागा. मानधन आणि ध्वनी मिळून एका मैफलीचा खर्च साधारण १ लाख ८ हजार येतो. ‘एक मैफल, १ लाख’ हे कुणालाही कळतं. सहकारी बँक, दूध संघ, पतसंस्था, साखर कारखाना, शहरातले दोन-तीन जुने डॉक्टर, एखादं सराफी घराणं. ज्यांच्या घरी आजोबा गाणं ऐकायचे त्या घरी आधी जा. वडिलांच्या किंवा आईच्या स्मरणार्थ एक मैफल, ही कल्पना आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली भीमसेनजींनी सुरू केला तोसुद्धा गुरूंच्या स्मरणार्थ. नाव छापायचं ते माणसाचं, दुकानाचं नव्हे, हेही त्यात आपोआप साधतं.

जाताना दोन कागद न्या, जास्त नको. पहिल्यावर महोत्सवाची तारीख, सहा मैफली आणि समोरच्यासाठी खूण केलेली त्यातली एक. दुसऱ्यावर ११ लाखांचा हिशेब, कुणाकडून किती आले त्याच्यासह. रंगीत माहितीपुस्तिका छापू नका. तिचा खर्चच समोरच्याच्या डोळ्यात खुपतो. सकाळी जा, सोबत एक विद्यार्थिनी न्या आणि अध्यक्ष म्हणाले की ‘म्हणा की काहीतरी’, तर तिने पाच मिनिटं गायला लाजू नये. ‘बघू’ हे उत्तर मिळालं तर तारीख विचारूनच उठा: ‘संचालक मंडळाची बैठक कधी आहे? त्याआधी अर्ज आणून देते.’ सहकारी संस्थेत देणगी ठरावाने निघते, अध्यक्षांच्या मानेने नाही. बैठक हुकली की तुमचा महिना गेला.

वस्तूच्या रूपात येणारी मदत तुम्ही हिशेबात धरलेलीच नाही, याचं मला नवल वाटलं. मिरज तुमच्यापासून तासा-दीड तासावर. तिथल्या सतार आणि तानपुऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळालंय. कारागिरांना चार तानपुरे तीन दिवसांसाठी द्यायला सांगा आणि बदल्यात सभागृहाबाहेर त्यांच्या वाद्यांना जागा द्या. आणि एवढ्यावर थांबू नका. चर्चासत्रात एक सकाळ त्यांनाच बोलवा. भोपळा कसा निवडतात, घोडीवर दोरा किती सरकवला की जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, उघडते, पांढरी चारच्या (पेटीवरच्या चढ्या पट्टीच्या) गळ्याला आणि काळी एकच्या (खालच्या पट्टीच्या) गळ्याला तानपुरा वेगळा का लागतो, हे त्यांनी हातात वाद्य घेऊन दाखवावं. त्यांनाही प्राध्यापकांइतकंच मानधन द्या. कलाकारांच्या खोल्यांसाठी विद्यापीठाचं अतिथिगृह आत्ताच अडवून ठेवा, जानेवारीत तिथे परीक्षांचे पर्यवेक्षक येऊन बसतात.

मोठ्या कंपन्यांकडे जाताना सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा खर्च) आणि प्रायोजकत्व यांत घोटाळा करू नका. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५खाली ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात आणि सातव्या अनुसूचीत कला-संस्कृतीचं जतन, पारंपरिक कलांचा विकास हेही येतं. पण स्वतःच्या मालाच्या जाहिरातीसाठी दिलेलं प्रायोजकत्व त्यात धरता येत नाही. म्हणून सीएसआरवाल्यांकडे महोत्सव नेऊच नका, वर्षभर चालणारं काम न्या. तुमच्या विभागाच्या कपाटात जुन्या मैफलींच्या कॅसेट आणि स्पूल पडून असतील, त्यांचं डिजिटल रूपांतर, किंवा गरीब घरातल्या मुलांसाठी गुरूकडे राहून शिकण्याची शिष्यवृत्ती. हे यंदा पैसे देणार नाही, पण पुढच्या वर्षी नक्की उपयोगी पडेल. आणि सहकारी साखर कारखान्यात जाऊन ‘तुमचा सीएसआर’ म्हणू नका. ती कंपनी नव्हे, सहकारी संस्था आहे. तिथे देणगी मागा.

जीएसटीचं लेखाधिकाऱ्यांना विचारूनच करा, तरी ढोबळ माहिती असू द्या. देणगीदाराचं नाव नुसतं कृतज्ञतेपोटी लावलं, त्यात धंद्याची जाहिरात नसेल, तर त्यावर जीएसटी नाही. मंचामागे कंपनीचा लोगो आणि ‘सदनिकांची नोंदणी सुरू’ झळकलं की ते प्रायोजकत्व, त्यावर कर लागतो. तो कोण भरणार हे आधी कागदावर घ्या, नाहीतर ५ लाखांचे सव्वाचार लाख होतात. देणगीवर करसवलत हवी असणारे तुम्हाला ‘८०जी आहे का’ विचारतील. विद्यापीठाच्या वित्त विभागाकडून त्याचं उत्तर आधी घेऊन ठेवा, आणि हेही लक्षात असू द्या की रोख २ हजारांच्या वरची देणगी सवलतीत बसत नाही आणि नव्या करपद्धतीत गेलेल्यांना ही सवलतच नाही. पैसे कुठल्याही परिस्थितीत तुमच्या किंवा विभागातल्या कुणाच्या खात्यावर, फोनवरच्या क्यूआर कोडवर घेऊ नका. २०० रुपयेसुद्धा नाहीत.

तिकीट लावा. शास्त्रीय गाणं फुकट ठेवलं की गर्दी होते हा भ्रम आहे. फुकट ठेवलं की पहिल्या चार रांगा ‘निमंत्रितांसाठी’ रिकाम्या राहतात, एवढंच होतं. तिन्ही दिवसांचा पास ४०० रुपये, विद्यार्थ्यांना ५०. माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या संगीत कार्यक्रमाच्या प्रवेशशुल्कावर जीएसटी नाही, तेही बरंच. ३०० पास गेले तर १ लाख २० हजार. आणि कुलगुरूंनाही पास विकत घ्यायला लावा, फोटो काढा, वर्तमानपत्रात द्या.

विद्यार्थ्यांकडून सक्तीचे ५०० घ्यायचं मनातून काढून टाका. एस.टी.ने येऊन-जाऊन शिकणाऱ्या पोरांकडून त्यांच्याच विभागाच्या उत्सवाची वर्गणी वसूल करायची, हे मला तरी गैर वाटतं. पेपरसाठी २ हजार हा तर त्याहून जुना आजार. पैसे भरा, पेपर वाचा, प्रमाणपत्र न्या, आयएसबीएनचा जाडजूड ग्रंथ घरपोच. असल्या चर्चासत्रांत ४० पेपर येतात आणि समोर बसलेले सगळे आपला नंबर कधी येतो याची वाट बघत असतात. बारा पेपर घ्या, आधी निवडा, प्रत्येकाला अर्धा तास द्या, वाचणाऱ्यांचा जेवणखर्च तुम्ही करा.

माजी विद्यार्थ्यांकडे मात्र हक्काने जा. विभागातून बाहेर पडलेली मुलं आज शाळांत संगीतशिक्षक आहेत, क्लास चालवतात, काही परदेशात शिकवतात. त्यांची यादी कार्यालयात नसेल तर परीक्षेच्या जुन्या निकालांवरून करा, हे काम दोन विद्यार्थ्यांना द्या. १५० जणांनी हजार-हजार दिले तर दीड लाख होतात. इथे छापील आवाहन चालत नाही, फोनच करावा लागतो. आणि तो शिक्षकाने करावा, ज्याने त्यांना पहिला यमन शिकवला त्याने.

आता चर्चासत्र. तुमचं शीर्षक आहे ‘भारतीय शास्त्रीय संगीत: काल, आज आणि उद्या’. रागावू नका, पण या नावाला कुणी दमडी देणार नाही. यात काहीही बसतं, म्हणून काहीच दिसत नाही. तुमच्या पायाखाली काय आहे ते बघा. कोल्हापूरचा दरबार, अब्दुल करीम खाँसाहेबांचं मिरज आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथल्या दर्ग्यात आजही होणारी संगीतसभा, कोल्हापूरची देवल क्लब ही जुनी संगीतसंस्था, संगीत नाटक कंपन्यांचे मुक्काम, तानपुऱ्यांचे कारखाने. आणि संस्थानं गेल्यावर इथे आली साखर, दूध आणि बँका. ‘राजाश्रय ते सहकार: दक्षिण महाराष्ट्रातील संगीताचे आश्रयदाते’ असं काही नाव ठेवा. गाण्याला पैसा कोण देतो आणि का देतो, हाच विषय. मग संगीताबरोबर इतिहास आणि समाजशास्त्राचे विभागही सहभागी होतात, खर्च वाटला जातो आणि भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या मुंबईतल्या पश्चिम विभागीय केंद्राकडे अर्ज करायला तोंड राहतं. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची सांस्कृतिक कार्यक्रम व निर्मिती अनुदानाची योजना आहे, तीत चर्चासत्रांचाही समावेश होतो. नागपूरचं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र थेट पैसे न देता कलाकार पाठवू शकतं, त्यांनाही लिहा. शिवाय पतसंस्थेच्या ज्या अध्यक्षांनी घड्याळ बघितलं असतं, ते या चर्चासत्राला स्वतः येऊन बसतील. तुम्ही त्यांच्यावरच बोलताय ना!

गाणं आणि चर्चा एकत्र ठेवायची ही रीत काही नवी नाही. १९१६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तेव्हा भातखंड्यांनी उत्तर हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासावर भाषण दिलं आणि श्रुतींवरून वाद झाले ते गवयांच्या समोर, त्यांना गायला लावून. मद्रासच्या म्युझिक अकादमीत डिसेंबरात आजही सकाळी सप्रयोग व्याख्यानं आणि संध्याकाळी मैफली असतात. तुम्हीही संध्याकाळी गाणाऱ्या एकाला सकाळी चर्चेत बसवा. मानधन ठरवतानाच त्यांना ते सांगा, वेगळे पैसे लागत नाहीत.

मात्र सरकारी अनुदान मंजुरीपत्र हातात येईपर्यंत शून्य धरा. ते हप्त्यांत येतं, शेवटचा हप्ता तर कार्यक्रमानंतर, उपयोगिता प्रमाणपत्र दिल्यावर. म्हणून माझा हिशेब असा: विद्यापीठाचे २ लाख, चार मैफलींचे ४ लाख, माजी विद्यार्थ्यांचे दीड, पासांचे १ लाख २०. झाले ८ लाख ७०. उरले २ लाख ३० हजार. ते १५ नोव्हेंबरपर्यंत कुठूनही आले नाहीत तर तिसरा दिवस रद्द. दोन मैफली, त्यांचा ध्वनी, प्रवास मिळून अडीच लाखांच्या आसपास वाचतात आणि गणित बसतं. ही तारीख आणि हा निर्णय जुलैच्या बैठकीतच इतिवृत्तात लिहून घ्या. तिसऱ्या दिवसाच्या कलाकारांनाही आजच सांगा की पक्कं १५ नोव्हेंबरला कळवू. कुणी नाराज होत नाहीत, ऐनवेळी कळवलं की होतात.

शेवटचं, पैसे देण्याबद्दल. मानधन ठरवताना आकडा हातात पडणारा की टीडीएस कापण्याआधीचा, हे स्पष्ट बोला, १० टक्क्यांवरून झालेले रुसवे वर्षानुवर्षं चालतात. तबला आणि संवादिनीच्या साथीदारांचं मानधन वेगळं ठरवा आणि त्यांच्या स्वतःच्या खात्यावर पाठवा, मुख्य कलाकाराच्या हातात एकगठ्ठा देऊ नका. सगळ्यांची पॅन आणि बँकेची माहिती डिसेंबरातच मागवा, देयकं मंजूर करून ठेवा आणि मैफलीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे खात्यावर पडतील असं वित्त अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या. ते म्हणतील, अशी पद्धत नाही. त्यांना पहिल्या रांगेतला पास द्या, आणि तेव्हाही नाहीच म्हणाले तर कुलसचिवांकडे जा. या एका कामासाठी भांडायला लागलं तरी भांडा.